कुत्री पाणी पिते का

आधी काकूंचं सांगतो, मग कुत्रीचं. काकू म्हणजे माझ्या खोलीच्या मालकीणबाई. अनसिंगच्या बाहेर त्यांचा मेथी-पालक-वांग्यांचा मळा आहे, त्याच्याच कडेला माझी खोली. मी मूळचा सांगलीकडचा. शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. भाजीच्या रोपांची नर्सरी सांभाळायला म्हणून इकडे वाशिम जिल्ह्यात आलो. इथं माझं रक्ताचं कोणी नाही. अशा माणसाच्या बाजूनं चार लोकांसमोर उभ्या राहिल्या त्या काकूच.

आमच्या सांगलीकडे कुत्र्यांच्या शर्यती लावतात. मोटारसायकलच्या मागे लांब दोरीला कापडाचं बोचकं बांधायचं, गाडी पळवायची आणि त्या बोचक्यामागे कुत्री सोडायची. माझी कुत्री ग्रेहाउंड, म्हणजे लांब पायांची पळणारी जात, तसल्याच शर्यतींतली. पुढचा पाय दुखावला, पळणं संपलं, तसा मालक तिला हायवेवर सोडून द्यायच्या गोष्टी करायला लागला. मी तेव्हा सुट्टीला गावी होतो. रोपांचे ट्रे घेऊन इकडे नर्सरीला येणाऱ्या टेम्पोत तिला घातलं आणि घेऊन आलो.

काकूंनी तिच्या बरगड्या पाहिल्या. "काय रे, तुमच्या तिकडं हिले जेवाले देत नव्हते काय?" म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या तिला पाहुणी म्हणायला लागल्या.

महिनाभर बरं गेलं, तिचा पायही भरून आला. मग एका सकाळी काकूंचा पुतण्या मोटारसायकलवर हिरव्या चाऱ्याचा भारा घेऊन रस्त्यानं चालला होता. भाऱ्यावरचं पोतं सुटून मागं घासटत होतं. मी रोपांना पाणी देत होतो. खोलीशी बांधलेल्या पाहुणीचा दोर तुटल्याचा आवाज आला आणि वळून बघेपर्यंत ती रस्त्यावर. ती किती पळते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिनं पोतं धरलं, गाडी कलंडली, पुतण्या खाली. आणि ही बया पोतं तोंडात घेऊन शेपटी हलवत माझ्याकडे आली.

पुतण्याच्या नडगीवर दोन ओरखडे होते, रक्त आलेलं. दाताचे की गाडीच्या पायदानाचे, कोणालाच सांगता येईना. त्यालाही नाही. काकूंनी त्याचा पाय नळाखाली धरून साबणानं खसाखसा धुतला. मी कुत्रीच्या जुन्या मालकाला फोन लावला. "लस दिली असंल की," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

दवाखान्यात पुतण्याला इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, कुत्री बांधून ठेवा, दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा, धड राहिली तर पिसाळलेली नाही. परत आलो तर मळ्याच्या फाटकाशी माणसं जमलेली. दोघांच्या हातात काठ्या.

"पिसाळलेलीच हाय," त्यातला एक म्हणाला. "चांगलं कुत्रं चालत्या गाडीवर काहून झडप घालीन?"

"पोत्यावर गेली ती," मी म्हणालो. "शर्यतीतली आहे, तिला तेच शिकवलंय."

"तू आज हाय, उद्या टेम्पोत बसून जाशीन. आमच्या पोराचं काय?"

काकू मधे आल्या.

"मारसान तं दहा दिवस काय पाह्यसान, तिची शेपटी? डाक्टरनं जिती ठेवाले सांगतलं. मी माह्या गोठ्यात बांधतो. पोरगं बी माह्याच घरचं हाय अन् जिम्मा बी माहा."

काठ्या खाली गेल्या. पण जाताना एक जण बोललाच, "पिसाळलेलं कुत्रं पाण्याले भेते. पाणी पेते का तेवढं पाहा. नाही पेली तं समजून जा."

आणि पाहुणी पाणी पिईना.

गोठ्यात तिला साखळीनं बांधलेलं. दिवसभर कोणी ना कोणी दारातून डोकावायचं. ती शेपटी पोटाखाली घेऊन थरथरत उभी. बादली पुढं सरकवली की तोंड फिरवायची. सकाळी बादलीतलं पाणी कमी झालेलं दिसलं. मी आनंदानं सांगायला गेलो, तर फाटकावरच्यांचं उत्तर आलं, "कोंबड्या पेल्या असतीन."

पुतण्या रोज यायचा. तोंड उतरलेलं, दाढी वाढलेली. "पेली?"

"पेली असंल."

"असंल म्हणू नको मले. तुह्या डोळ्यानं पाह्यलं काय?"

पाहिलं नव्हतं. खरं तर मलाही शंका यायला लागली होती. भाकरी टाकताना मी हात लांबूनच मागं घ्यायचो, आणि तिच्या ते लक्षात आल्यासारखं वाटायचं.

शेवटी काकू वैतागल्या. "सारे तिच्या तोंडाकडं टकमका पाहून राह्यले. माह्याकडं कोणी असं पाह्यलं तं मी बी घोट गिळणार नाही." त्यांनी दारातल्यांना हाकललं. पाण्यानं भरलेलं घमेलं साखळीच्या टप्प्यात ठेवलं, मेथीचा ढीग टप्प्याच्या बाहेर ओतला आणि पुतण्याला बोलावलं. "बस इथं. पाठ कर तिच्याकडं. जुड्या बांध."

आम्ही तिघं पाठमोरे बसलो.

"ढिली बांधून राह्यला तू. बाजारात कोण घेईन?"

"काकू, माहा जीव चालला अन् तुले जुडीची पडली."

"जाईपर्यंत हात तं चालव."

त्यानं पुढची जुडी ओढून घट्ट बांधली. दहा-बारा जुड्या झाल्या. मग साखळी हलली, दगडावर घासली, थांबली. आणि लपलप सुरू झाली.

पुतण्याचे हात थांबले. मान वळायला लागली तशी काकूंनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. "पाहू नको. आइक."

पाहुणी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. घमेल्याच्या तळाशी जीभ घासल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही कोणी हललो नाही. पुतण्यानं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"इंजेक्शनं मी सारी घेईन," तो म्हणाला.

"घेशीनच. मी सोडू देईन काय?"

फाटकावर जाऊन त्यानं स्वतः सांगितलं, "पेली. म्या आइकलं." माझं कोणी मानलं नसतं, त्याचं मानलं. दहा दिवस सरले, पाहुणी धडधाकट राहिली. आता ती बाहेर निघते ती माझ्या हातात साखळी असली तरच. मोटारसायकलचा आवाज आला की मी साखळीचा अजून एक वेढा मनगटाला घेतो.

काकूंना मी अजून काही दिलेलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. पण माणसाला कधी ना कधी दुसऱ्याची साक्ष लागतेच. काकूंना ज्या दिवशी लागेल, त्या दिवशी मी कुठल्याही मुलखात असलो तरी येऊन त्यांच्या शेजारी उभा राहीन. काकूंचं हे देणं मी फेडणार आहे.