दक्षिणेला तोंड केलेल्या प्लेटा

नांदेडच्या स्टेशनवर त्या दिवशी निघालो होतो आम्ही दोघी, पण निरोपाला आलेली माणसं सगळी शिवलीलाची होती. उदगीरहून जीप भरून आली होती. आडत दुकान चालवणारे तिचे वडील, दोन काका, काकू, चुलत भावंडं. तिच्या आईनं डब्याच्या दारातच तिच्या कपाळाला विभूती लावली. माझ्याकडून एकटी माय. हदगावहून एसटीनं माझ्याबरोबर आलेली आणि परतीची गाडी चुकते की काय म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारणारी. गाडी हलायच्या आधी मायनं खिडकीतून हात आत घातला. मला वाटलं, माझ्या तोंडावरून फिरवील. तिनं तो शिवलीलाच्या हातावर ठेवला.

"पोरी, आमच्या मंगीकडं ध्यान ठेव. ती साधी हाय. तू शिकलेली हायस."

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि शिवलीला चोवीसची. गाडी सुटली, तिची माणसं हात हलवत पळत राहिली, आणि मला जळायला तिथूनच सुरुवात झाली.

बायांनो, तुम्ही माझ्यासोबत संस्थेच्या ट्रेनिंगला बसलात म्हणून तुम्हाला लिहिते. आणि जे आपल्याकडून असेच बाहेर गेलेत, कुणी पुण्याला, कुणी पार दुबईला, त्यांनीही वाचावं. फोनवर तुम्ही विचारता, "मंगल, तिकडं कसं वाटतंय?" आणि मी म्हणते, "लई चांगलं." ते खोटं नाही. पण अर्धंच आहे.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती. आठवीला हदगावला एसटीनं जायचं. मी दिवाळीपर्यंत गेले. दिवाळीनंतर मायसोबत कापूस वेचायला बसले, चार दिवसांसाठी म्हणून. चार दिवसांचा महिना झाला, महिन्याचा हंगाम, आणि शाळा राहूनच गेली. कुणी काढलं नाही, कुणी अडवलंही नाही. पुढं वीस वर्षांनी संस्थेनं सोलरचं काम शिकवलं तेव्हा मला पहिल्यांदा कुणीतरी हातात पाना दिला आणि "तुम्हाला जमेल" असं म्हटलं. त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. तालुक्यातल्या झेडपीच्या किती शाळांवर मी प्लेटा बसवल्या! प्रत्येक नट दोनदा आवळायची माझी सवय. घरी आल्यावर वाटायचं, तिसऱ्यांदा बघायला पाहिजे होतं.

तर संस्थेनं आम्हाला आफ्रिकेत, मलावी देशात पाठवलं, स्वयंसेवक म्हणून. खेड्यातल्या तीन शाळांना सोलर बसवायचं आणि मुलांना त्याचं शिकवायचं. एक वर्ष. पुढच्या वर्षी दोघींतल्या एकीलाच ठेवणार, हे जातानाच सांगितलं होतं. काम वाटून दिलं होतं: शिवलीला इंजिनिअर, ती शिकवणार. मी बसवणार.

तिथं उतरल्यावर पहिल्यांदा काय बघितलं असेल तर तूर. शेताच्या बांधावर आपल्यासारखीच तूर! ते तिला नांदोलो म्हणतात. मला वाटलं, मी फार लांब आले नाही. पण माणसाला परकं करायला एक शब्द पुरतो. तिकडं मास्तरणीला मानानं अफुंझित्सी म्हणतात. शिवलीला वर्गात शिरली की साठ-सत्तर पोरं उभी राहून एका सुरात म्हणायची, "अफुंझित्सी!" मला म्हणायची, "अमाई." म्हणजे आई, बाई. तोही मानाचाच शब्द आहे. पण मी शिडी खांद्यावर घेऊन वर्गापुढून जायची तेव्हा आतून तो अफुंझित्सी ऐकू यायचा. आठवीचा वर्ग होता तो. बाईसारखी बाई फळ्यापुढं उभी, आणि माझा आठवीचा बाक हदगावात रिकामा राहिलेला.

तिचं काय काय मला खुपायचं सांगू? तिचं अक्षर. तिचं इंग्रजी. ती मला "मंगलअक्का" म्हणायची, अहोजाहो करायची, सकाळी माझ्या आधी उठून चहा करायची. वाईट वागली असती तर सोपं गेलं असतं.

प्लेटा बसवायच्या त्या आठवड्यात, जानेवारीत, त्या कशा बसवायच्या याचा संस्थेचा नकाशा आला. इंग्रजीत. मला अक्षरं लागतात, पण वाक्य लागत नाही. वर एक बाण होता आणि एन लिहिलं होतं. असा बाण सगळ्याच नकाशांवर असतो, उत्तर कुठं ते दाखवायला. खाली दोन ओळी होत्या. त्या वाचून घ्यायला हव्या होत्या. शिवलीला हात पुसत आली आणि म्हणाली, "अक्का, बघू का मी एकदा?"

मी म्हटलं, "तुझा फळा तू सांभाळ. प्लेटाचं मला नको शिकवू."

ती वर्गाकडं वळली. मी सकाळी उगवत्या सूर्याकडं तोंड करून उभी राहिले, उजव्या हाताला दक्षिण, आणि प्लेटाचं तोंड दक्षिणेला केलं. आपल्याकडं हेच तर शिकवलं. हदगावात आम्ही "नांदेडकडं तोंड कर" असंच म्हणायचो. मायला ते कधी पटलं नाही. "दक्षिणेला तोंड करून काही ठेवू नये," म्हणायची. मी हसायची, "माय, प्लेटाला चालतं." तिसऱ्या शाळेपर्यंत सगळ्या प्लेटा दक्षिणेला. दिवे लागले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, हेडमास्तर फिरी सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. संध्याकाळी आठवीची पोरं अभ्यासाला येऊन बसायला लागली, कारण त्यांची आठवी म्हणजे आपली दहावी, बोर्डाची परीक्षा.

एप्रिल लागला तसे दिवे मान टाकायला लागले. आधी नऊला, मग आठला, मग साडेसातला. परीक्षा तोंडावर आलेली. पोरं अंधारात वह्या गोळा करून घरी जायची, आणि मला रोज वाटायचं, आता फोन येईल, मंगलला परत पाठवा. मी बॅटऱ्या तपासल्या, वायरी तपासल्या, नट पुन्हा आवळले. काही सापडेना. मग मला सापडलं ते भलतंच. शिवलीलाच्या वर्गात मोठी पोरं आणि दोन मास्तर फोन चार्जिंगला लावायचे, तिनं लावू दिलेले. मी फिरी सरांकडं गेले, तिच्या वर्गाकडं बोट केलं आणि म्हटलं, "फोन, सर. टू मच फोन."

सरांनी तिला सगळ्या मास्तरांसमोर सुनावलं. ती खोलीवर आली, तोंड धुतलं, परत धुतलं. मग म्हणाली, "अक्का, सरांना कुणी सांगितलं असेल हो?"

"काय माहीत," मी म्हटलं.

त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. हे लिहिताना शरम वाटते, पण लागलं.

फोन बंद झाले तरी दिवे जळेनात. मे महिन्यात एका दुपारी मी ऑफिसच्या बुटक्या पत्र्यावरच्या प्लेटा पुसायला शिडी लावली. आपल्याला शिकवलंय, शिडी नेहमी प्लेटाच्या पाठीमागनं लावायची, म्हणजे पुसताना आपली सावली प्लेटावर येत नाही. वर चढले, फडकं टेकवलं, आणि बघते तर माझी सावली समोर प्लेटावर पसरलेली. डोकं, खांदे, पदर, सगळं. मला वाटलं, ऊन लागलं. खाली उतरले, पाणी प्याले, परत चढले. सावली तिथंच. मान वर केली. सूर्य माझ्या पाठीशी होता, उत्तरेला. भर बारा वाजता, उत्तरेला!

मी फडकं खांद्यावर टाकलं आणि खाली उतरले. तिन्ही शाळांच्या प्लेटा सूर्याकडं पाठ करून बसल्या होत्या आणि बसवणारी मी.

गुपचूप फिरवता आल्या असत्या, हे आधी मनात आलं. पण प्लेटाखालचे ते लोखंडी अँगल एकटीला उचलत नाहीत. आणि खरं म्हणजे मला त्या वह्या गोळा करणाऱ्या पोरांचं दिसत होतं. त्यांची आठवी माझ्या हातानं चालली होती. शिवलीला वर्ग संपवून बाहेर आली तेव्हा मी व्हरांड्यात बसले होते.

"प्लेटाचं तोंड उलटं हाय," मी म्हटलं.

"कुठल्या?"

"सगळ्या. तिन्ही शाळांच्या."

तिनं वर बघितलं, सूर्याकडं, मग पत्र्याकडं. कपाळावर हात मारला. "अय्यो! आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत. इथं वर्षातला जास्त काळ सूर्य उत्तरेनं जातो. जानेवारीत तो दक्षिणेला होता, म्हणून तेव्हा दिवे चालले. मलाही कळलं नाही." मग म्हणाली, "नकाशात तर लिहिलेलं असणार."

"असंल. मला वाचता आलं न्हाई."

"मग विचारायचं होतं! मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडली. बरं वाटलं. मी म्हटलं, "फोनचंबी सरांना मीच सांगितलं."

"माहीत आहे मला. सरांनी तेव्हाच नाव सांगितलं होतं तुमचं. मी विचारलं ते तुम्ही कबूल करता का बघायला."

मग ती म्हणाली, "महिन्याचा रिपोर्ट उद्या जायचाय. काय लिहू?"

"हेच लिही. माझ्या नावानं लिही."

"परत पाठवतील, अक्का."

"पाठवू दे."

तिनं लिहिलं. माझं नाव लिहिलं, आणि काम तपासायची जबाबदारी तिची होती हेही लिहिलं. पुढं दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा मात्र दोन कपच करायची.

फिरी सरांना सांगायला गेलो. मला वाटलं, चिडतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, दिवे मुलांचे गेलेत, तेव्हा सांगायचं तर मुलांना सांगा. म्हणून मी आठवीच्या वर्गापुढं उभी राहिले. मी मराठीत बोलायची, शिवलीला इंग्रजीत करायची, सर त्यांच्या भाषेत. पोरांना बाहेर मैदानात नेलं, काठी रोवली, सावली दाखवली. म्हटलं, माझ्या गावात ही सावली बारा वाजता तिकडं पडते, तुमच्या गावात इकडं. मी माझ्या गावचा सूर्य डोक्यात घेऊन तुमच्या पत्र्यावर चढले. सर हे सांगताना स्वतःच हसले आणि पोरं तर लोळायला लागली.

चिसोमो नावाची एक मुलगी होती, कायम शेवटच्या बाकावरची. तिनं हात वर केला. "मग तुमच्या गावात बायका दुपारी शेंगा सोलायला घराच्या कोणत्या बाजूला बसतात?" तिची आई दक्षिणेच्या भिंतीला बसायची.

मी डोळ्यांपुढं घर आणलं. माय कुठं बसते, पाटी कुठं ठेवते. "उत्तरेच्या भिंतीला," मी म्हटलं. चौतीस वर्षं बघत होते, पण ती बाजू उत्तरेची आहे हे मला त्या मैदानात कळलं.

तीन शनिवारी आम्ही दोघींनी आणि मास्तरांनी मिळून तिन्ही शाळांच्या प्लेटा फिरवल्या. दिवे पुन्हा नऊपर्यंत जळले. पोरांनी परीक्षा दिली.

मला परत पाठवलं नाही. कुणी रागावलंही नाही. सप्टेंबरात संस्थेचा फोन आला, दुसऱ्या वर्षासाठी शिवलीला राहील. मास्तरांना इंग्रजीत शिकवणारं माणूस पाहिजे, तुमच्या कामाची तक्रार नाही, मंगलताई. डिसेंबरात तुमचं तिकीट. मी म्हटलं, "उपकार झाले तुमचे," आणि ते मनापासून म्हटलं. फोन ठेवला आणि तासभर नट आवळत बसले.

आता शिवलीला उरलेल्या दोन शाळांत जाते तेव्हा माझा काठीचा धडा घेते. मी शिडीवरून ऐकते. ती आधी पोरांनाच विचारते की सावली कुठं पडेल, पैज लावायला लावते, मग थांबते, पोरं भांडतात, मग दाखवते. माझी चूकसुद्धा ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते. आणि दर वेळी शेवटी सांगते, हे मला मंगलअक्कांनी शिकवलं. त्यानं तर आणखी जळते मी.

म्हणून गेल्या महिन्यात मी भाचीला सांगून ठेवलंय, हदगावच्या शाळेतून बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून ठेव. माझ्यासाठी. शिक्षणाची आवड वगैरे माझ्या तोंडी घालू नका. नकाशाखालच्या दोन ओळी मला कुणाला न विचारता वाचायच्या आहेत, एवढंच.

परवा मायला फोन केला. इथं सकाळचे साडेआठ, तिकडं बारा. ती शेंगा सोलत होती, चटचट आवाज येत होता.

"कुठं बसलीस?"

"कुठं म्हंजे? भिंतीच्या सावलीला."

"कोणत्या अंगाच्या?"

"मंगे, ऊन लागलं का तुला? मारुतीच्या देवळाच्या अंगाच्या. हमेशा बसते तिथं."

मी म्हटलं, तीच उत्तर. ती म्हणाली, असंल. मग तिनंच विचारलं, "तुझ्याकडं सावली कुठं पडून राहिली?"

मी शाळेच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून बसले होते. सांगितलं, की मी तुझ्या उलट्या अंगाला बसलेय, मधली भिंत लई जाड हाय. माय हसली नाही. तिनं पाटी सरकवल्याचा आवाज आला.

"मग मी थोडी सरकून बसते," ती म्हणाली. "डिसेंबरात आलीस की इथंच बस. जागा हाय."