कमानीतलं सिमेंट

अमेरिकेतल्या श्रूजबरीपासून वीस मिनिटांवरच्या एका गावात तपकिरी दगडाचं चर्च आहे. जाड भिंती, बुटका मनोरा, दाराशी एकात एक बसवलेल्या तीन अर्धगोल कमानी. पाहणाऱ्याला हजार वर्षांचं वाटतं. आहे शंभर-सव्वाशे वर्षांचं. युरोपातल्या खेड्यांतली जुनी धाटणी इथल्या गवंड्यांनी उचलली. तळघरातल्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती बसतो, म्हणून डागडुजीला आम्हीही हात लावतो.

देखभाल एक निवृत्त गवंडी करायचे. मी शिकलो सिव्हिल, नोकरी सॉफ्टवेअरची. तरी मंडळात 'आपला इंजिनिअर' म्हणून मिरवायचो. तीन वर्षांपूर्वी कमानीचे सांधे भरायचं काम मी त्यांच्याकडून मागून घेतलं; चर्चच्या कमिटीला कुणी कळवलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना त्या म्हाताऱ्या गवंड्यांनी चुन्याची बादली दाखवली. "दगड मऊ आहे, चुनाच लाव. आठवडाभर वरून ओलं गोणपाट लाव."

शनिवारी गणपती. दारावर गोणपाट लटकत असताना मूर्ती आत कशी आणायची? मी सिमेंटची पिशवी आणली आणि एका दुपारी उरकून टाकलं.

"अरे, त्यांनी चुना सांगितला होता ना?" बायको म्हणाली.

"कॉलेजात मी शिकलोय की त्यांनी?"

हिवाळ्यात दगडात मुरलेलं पाणी त्या कडक सिमेंटमुळे बाहेर पडेना, आतच गोठलं. बर्फ वितळल्यावर कमानीचे पापुद्रे सुटून पायरीवर पडले.

चर्चच्या कमिटीने बैठक बोलावली. मंडळातर्फे मी होतो. सिमेंट म्हाताऱ्यांनीच भरलं, असं सगळे धरून चालले. ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. "याला सांगितलं होतं वाटतं... नक्की आठवत नाही... मीच ऑपरेशनच्या आधी केलं असेल." त्यांच्याकडून चर्चच्या चाव्या काढून घेतल्या. मी कॉफीच्या कपात बघत बसलो. मंडळाचा हॉल जाईल, असं मनाशी म्हणालो. ते खोटं होतं. मला लाज वाटत होती, बस.

तेव्हापासून चर्च टाळून ऑफिसला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो.

मागच्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

मग स्वयंपाकघराकडे ओरडले, "ऐकलंस का? तो मी नव्हतोच!"

त्यांची बायको हात पुसत आली. तिनेच मला सांगितलं: त्या बैठकीनंतर त्यांनी स्वतःवर भरवसा ठेवणं सोडलं होतं. शेगडी बंद केली का, तीनतीनदा विचारायचे. गाडीला हात लावला नव्हता, किल्ली तिच्याकडेच देऊन टाकली होती.

"रविवारी सगळ्यांसमोर सांगशील?" त्यांनी विचारलं.

सांगितलं. कमिटीने त्यांची माफी मागितली; चाव्या मात्र दिल्या नाहीत, आता वय झालं म्हणे. आम्हाला यंदा हॉल मिळेल की नाही, कुणी बोललं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोपुढे हात केला. तिने माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं, मग गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.