घुमणारं मशीन

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर लाऊडस्पीकर भाड्यानं दिले. बिद्रीपासून मलकापूरपर्यंत कुठं लग्न असो, कुस्त्या असोत, त्यांचे कर्णे झाडावर चढलेले असायचे. आमच्या धंद्यात ॲम्प्लीफायरला मशीन म्हणतात. आबांचं सगळ्यात जुनं मशीन वॉल्व्हचं. वॉल्व्ह म्हणजे त्यातले काचेचे दिवे; ते तापून लाल झाल्याशिवाय मशीन तोंड उघडायचं नाही. नव्वद साल उलटलं, हलकी मशीनं आली, आणि गिऱ्हाइकं म्हणू लागली, "हे धूड कशाला आणलंय?" मग ते शाहूपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत फळीवर येऊन बसलं.

मी तेव्हा कॉलेजात गिटार शिकत होतो. साधी, लाकडी, विजेशी संबंध नसलेली. आबा म्हणायचे, "पोट एवढं मोठं आणि आवाज डासाचा." एका रविवारी त्यांनीच तिच्या पोटाला आवाज पकडणारा पिकअप चिकटवला, वायर मशीनमध्ये खुपसली आणि म्हणाले, "हाण आता." आवाज आला तो काकवीसारखा दाट, ऊन ऊन. आबा काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मला मिळालेलं नाही.

फक्त मशीन घुमायचं. चालू केलं की खालच्या सुरात एकसारखं घुमत राहायचं. आमच्याकडं घुमतं ते अंगात आलेलं माणूस. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "आज मशीनच्या अंगात आलं व्हय?" आबा म्हणायचे, कंडेन्सर बदलले की थांबेल, बदलू. बदलू बदलू म्हणता त्यांचंच आजारपण निघालं, आणि त्यात ते गेले. आई मी लहान असतानाच गेली होती. माझं लग्न जमलं नाही, किंवा मी जमू दिलं नाही; त्यात कुणाला काय करायचंय.

आबांचं साधं बोलणंही भांडल्यासारखं. मीठ मागायचं तरी घर डोक्यावर घ्यायचे. ते गेले आणि शांतता किती वंगाळ असते ते मला समजलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं, घरोघरी टीव्ही बोंबलत होते, मला तेही नको होतं. ऑफिसातून आलो की आधी मशीन चालू करायचो. दिवे तापायचे, घुमणं सुरू व्हायचं, मग मी भात टाकायचो. गिटार रोज वाजवायचोच असं नाही. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं, एवढंच. जेवताना कधी कधी त्याच्यावर खेकसायचो, "गप की जरा." ते गप बसायचं नाही, आणि मला बरं वाटायचं.

एका संध्याकाळी त्यातला एक दिवा पेटलाच नाही. मशीन छातीशी धरून रिक्षानं एका दुरुस्तीवाल्याकडं नेलं. ओळख ना पाळख. "वॉल्व्ह गेलाय, तेवढाच बदला," असं बजावून आलो.

आणायला गेलो तर गडी भलताच खुशीत. "वॉल्व्ह घातला. आणि पावणं, कंडेन्सर फुगलं हुतं, त्येबी बदललं. अंगातलं पार काढलं बघा." त्यानं बटण दाबलं. दिवे लाल झाले. मशीन गप्प.

घरी आणून लावलं. गिटार कधी नव्हे इतकी स्वच्छ वाजली. पण तारेचा आवाज विरला की पुढं काही नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी, कुणाचं तरी हसणं, सगळं भिंतीतून आत यायला लागलं. मला रडू आलं, आणि त्या माणसाचा रागही आला. कुणी सांगितला होता आगाऊपणा?

दुसऱ्या दिवशी मशीन उचलून परत त्याच्या दारात. "ते घुमणं होतं तसं घाला."

त्यानं मला खालून वर पाहिलं. "पावणं, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? लोक काढायला येत्यात, तुमी घालायला?"

"जुनेच कंडेन्सर बसवा. मशीन माझं हाय की."

तो वाद घालायच्या बेतात होता. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं हातातली पकड खाली ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "घरात कोण कोण असतंय?"

ऑफिसात कुणी घरचं विचारलं की ठोकून देतो तसं काहीतरी ठोकून देणार होतो.

"कुणी न्हाय," मी म्हणालो. आबा गेल्यापासून हे कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होतो.

त्यानं भंगाराचा डबा फरशीवर पालथा केला आणि जुने कंडेन्सर हुडकायला बसला.