सहा गाण्यांचं उरलंसुरलं

बँडमधले लोक तिला कवळी म्हणायचे. कारण सरळ होतं. दिवसभर ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर मेण लावून ती एकेक दात बसवायची, गुलाबी हिरडी चढवायची आणि यंत्रावर घासून चकचकीत करायची. संध्याकाळी हात धुऊन बास गिटार उचलायची, तरी नखांखाली प्लास्टर राहायचंच. "हिच्यामुळेच आमच्या बँडला चावता येतं," असं म्हणून लंब्या, म्हणजे त्यांचा गिटारवाला, प्रत्येक कार्यक्रमात तिची ओळख करून द्यायचा आणि लोक दर वेळी हसायचे.

गाणारा होता तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा त्याला बुटाच्या नाड्याही बांधता येत नव्हत्या. वडील वेल्डर, कारखान्यात पाळीवर. त्यामुळे त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याचा ताप, सगळं ताईच्या वाट्याला आलं. पुढे पोराला गाण्याचं वेड लागलं. बँड काढायचा ठरलं. लंब्या मिळाला, ड्रमवाला मिळाला, पण बास वाजवायला कोणी तयार होईना, कारण बास वाजवणाऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

"ताई, तू शीक ना."

ती शिकली. हौस म्हणून नाही, भावाचं अडू नये म्हणून. हळूहळू तिलाच त्याची गोडी लागली.

त्यांची गाणी ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात तसली. धड नाचताही येत नाही, धड रडताही येत नाही. पण ऐकणारे होते. पहिला अल्बम बरा चालला. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला भाऊ आला तेव्हा तो कित्येक दिवस नीट झोपलेला नव्हता. जेवत नव्हता, मधेच हसायचा, मधेच एकटक बघत राहायचा. सगळ्यांना वाटलं, कामाचा ताण आहे, उतरेल.

शेवटच्या दिवशी तो काचेपलीकडच्या खोलीत गात होता आणि बाकीचे अलीकडे वाजवत होते. लंब्यानं आपली गिटार सगळ्यांच्या हेडफोनमध्ये इतकी वाढवून घेतली होती की गाणं जेमतेम ऐकू येत होतं. गाणं संपलं, मान वर करून बघतात तर काचेमागे कोणी नाही. आत गेले तेव्हा तो भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन खाली बसलेला. उठेना. काही बोलेना. ताईनं त्याला हाताला धरून गाडीत बसवलं ते थेट इस्पितळात.

तिथून तो वडिलांच्या घरी आला आणि आतल्या खोलीत पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू ठेवा, घाई करू नका. अल्बम निघाला, पण गायकाशिवाय कार्यक्रम कसले? सगळे रद्द झाले. कंपनीच्या माणसानं तिघांना बोलावून घेतलं. माणूस गोड बोलणारा.

"लोकांना विसरायला वेळ लागत नाही," तो म्हणाला. "एक छोटीशी रेकॉर्ड काढू. सहाच गाणी. तीन तुमची, अल्बममधून गळलेली. तीन दुसऱ्यांची, तुम्ही तुमच्या ढंगात वाजवलेली."

"आणि गाणार कोण?" ड्रमवाल्यानं विचारलं.

दुसऱ्यांची तीन गाणी लंब्यानं आणि ताईनं वाटून घेतली. तिच्या वाट्याला साबणाची एक जुनी जाहिरात आली. रेडिओवर तुरूतुरू धावणारी ती धून तिनं इतकी संथ गायली की साबण नव्हे, कुणाचं तरी कपाळ धुतलं जात असल्यासारखं वाटावं. रेकॉर्डचं नाव ठेवलं 'उरलंसुरलं'.

मग गळलेली गाणी ऐकायला बसले. दोन ठीक होती. तिसरं त्या शेवटच्या दिवसाचं. भाऊ दोन कडवी गातो, तिसऱ्याला शब्द सुटतात आणि तो नुसताच गुणगुणत राहतो. उंच, तुटका, अंगावर काटा येईल असा सूर. आणि मग माइकच्या अगदी जवळून, लहान मुलासारखा म्हणतो, "ताई, बंद कर ना."

त्यावर गिटार चढते. बास तशीच चालू राहते. स्वतःची बोटं तिला स्पष्ट ऐकू आली.

लंब्याच म्हणाला, "बोललेलं कापू. पण हे ठेवायचंच. आपण आजवर केलेल्यातलं हे सगळ्यात खरं आहे."

"त्याला विचारल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

ती वडिलांच्या घरी गेली. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं सगळं सांगितलं. फक्त तो काय बोलला होता आणि ते कापणार आहेत, तेवढं सांगितलं नाही.

"करा काय करायचं ते," तो भिंतीला म्हणाला.

तिनं तो होकार धरला. बाकी दोघांसारखी तिनंही कंपनीच्या करारावर सही केली.

'उरलंसुरलं' निघालं आणि ते एक गाणं पसरलं. लोकांना त्या गुणगुणण्याचं वेड लागलं. कुणी म्हणे, दुःखाला शब्द नसतात हेच यात सांगितलंय. कुणी आपल्या लग्नाच्या व्हिडिओला लावलं. दंतवैद्यांचा साचे पोचवणारा माणूससुद्धा तिला म्हणाला, "ताई, कमाल आहे हो!" तिला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच रात्रंदिवस टोचणी लागली.

दरम्यान भाऊ सावरत होता. एका लॉन्ड्रीत कामाला लागला होता. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. एका दुपारी तो तडक तिच्या कामाच्या जागी आला. याआधी कधी आला नव्हता. अंगाला वाफेचा आणि साबणाचा वास.

"तिकडे एकानं फोनवर गाणं लावलं," तो उभ्यानंच म्हणाला. "सगळे म्हणाले, काय गुणगुणलाय! मी गुणगुणत नव्हतो, ताई. मला शब्द सापडत नव्हते."

तिनं यंत्र बंद केलं. "मी तुला विचारलं होतं रे. तू म्हणालास—"

"त्या दिवसांत कुणी विचारलं असतं ना, तुला खिडकीतून ढकलू का, तरी मी म्हणालो असतो, करा काय करायचं ते." त्याचा आवाज चढला नव्हता, हेच तिला जास्त लागलं. "आणि पुढचं का कापलंत? मी काय म्हणालो ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

तिनं बंद यंत्रावरची धूळ पुसली. तो कामावर परत गेला.

ते गाणं मागे घ्या, असं सांगायला ती कंपनीत गेली. तो गोड माणूस आता कागदावर बोट ठेवून बोलू लागला. मागे घ्यायचं तर तिघांच्या सह्या हव्यात. ड्रमवाल्यानं दारातच सही दिली. म्हणाला, "माझ्या पोरानं मला अशी हाक मारली असती तर?"

लंब्या मात्र उसळला. "इतकी वर्षं रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलं. आयुष्यात एकदा काहीतरी जमलं, तेही तुला पुसायचंय?"

"जमलं ते त्याच्या जिवावर."

"आणि सही कुणी केली? मी तुझा हात धरला होता?"

"मीच केली. म्हणूनच आलेय."

ती वाद घालायचं थांबली. सोबत आणलेलं मूळ रेकॉर्डिंग, न कापलेलं, तिनं त्याच्यापुढे ठेवलं. "एकदा पुरतं ऐक. मग तुला हवं ते कर."

त्यानं हेडफोन लावले. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ती हाक आली असावी तेव्हा त्याचे डोळे मिटले. मग गिटार चढली असावी. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सही केली. कागद तिच्याकडे सरकवताना म्हणाला, "आता मला बोलावू नका." त्यानंतर तो कधी वाजवायला आला नाही. ड्रमवाल्यानं ड्रम मेव्हण्याला देऊन टाकले. बँड मोडला म्हणून जाहीर करायची वेळसुद्धा आली नाही.

गाणं मागे घेतलं गेलं ते फक्त विक्रीतून. लोकांच्या फोनमध्ये ते राहिलंच. अधूनमधून कुठे ना कुठे लागायचं. भाऊ तेव्हा इस्त्री खाली ठेवून बाहेर उभा राहायचा, असं वडील सांगायचे. तिच्याशी तो बोलायचा, पण कामापुरतं. वडिलांचं औषध, विजेचं बिल.

पुढे एके दिवशी तो पुन्हा तिच्याकडे आला. इस्पितळात असताना न्हाणीघरात पडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता. इतके दिवस तोंडावर हात ठेवून चालवलं, आता लॉन्ड्रीत समोर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम मिळत होतं.

"करशील?" त्यानं विचारलं.

माप खरं तर दंतवैद्य घेतात. पण तिनं त्याला खुर्चीत बसवलं, माप घ्यायचा लगदा कालवून पत्र्याच्या साच्यात भरला आणि तो त्याच्या तोंडात दाबून धरला. आता लगदा घट्ट होईपर्यंत त्याला बोलता येणार नव्हतं. त्याची हनुवटी तिच्या तळव्यात होती. लहानपणी भांग पाडताना ती अशीच धरायची.

"मला तेव्हा ऐकू आलं नाही, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण नंतर आलं होतं. नंतर ऐकूनही मी ते कापू दिलं. मला वाटलं, लोकांना आवडलं तर तुलाही बरं वाटेल. तेही पूर्ण खरं नाही. मलाच हवं होतं ते."

तो तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण साचा तोंडात असला की कुणाच्याही डोळ्यांत येतंच, हे तिला ठाऊक होतं.

लगदा घट्ट झाला. तिनं साचा काढला. त्यानं चूळ भरली, ओठ पुसले.

"फार पांढरा करू नकोस," तो म्हणाला. "बाजूच्यांशी जुळायला हवा."

"बरं," ती म्हणाली, आणि रंग जुळवायच्या नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांजवळ धरून तिनं त्याला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं.