मामांचा तांबडा ठिपका

संगणक अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे नियम ज्यांनी लिहिले त्यांनाही ते आमच्या मामांइतके तोंडपाठ नसतील, हे मी कोणत्याही मंत्र्यासमोर सांगायला तयार आहे. मामांना अक्षरओळख नाही. राणीसावरगावात त्यांची मेंढरं आहेत आणि कुठली मेंढी कुणाची नात, हे ते बसल्या जागी सांगतात. त्याच डोक्यात त्यांनी हे नियम भरून घेतले, आणि भरण्याची हमाली माझ्याकडे आली, कारण मी गंगाखेडला शाळेत मास्तर. त्यांची लेक राधा अकरावीला गेल्यापासून दर रविवारी मामा एसटीने माझ्याकडे यायचे, काठी दाराआड ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, काढ मोबाईल." मी माहितीपुस्तिका वाचायची, त्यांनी डोळे मिटून ऐकायची. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे, तिसरा विषय रसायनशास्त्र किंवा यादीतला एखादा, तिन्ही मिळून पंचेचाळीस टक्के, राखीव प्रवर्गाला चाळीस, आणि सीईटीचे गुण शून्य नसावेत. चौथ्या रविवारी मी कंटाळून भराभर वाचलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "मास्तर, तिसरा विषय खाल्लास."

एकदा वैतागून मी विचारलं, एवढं पाठ करून तुम्हाला काय परीक्षेला बसायचंय? माझी आई म्हणजे त्यांची थोरली बहीण. चौथीत ती वर्गात पहिली आली आणि त्याच आठवड्यात तिच्या हाती मेंढरांमागची काठी आली. मामा म्हणाले, "ताईला कुनी नियम दावला न्हाई. नुसतं नगं म्हणले. राधेला नियम हाय, अन् नियमात ती बसायलीय." त्यानंतर मी रविवारी कुरकुर केली नाही.

नियमांनी त्यांना इतकं झपाटलं की ते माणसंही त्यातच बसवून बघायला लागले. राधा बारावीला असताना चुडाव्याहून एक स्थळ आलं. पोरगं देखणं, घरी पाण्याची जमीन, माणसं गोड. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बारावीला गणित व्हतं का?" मुलाच्या बापाने अभिमानाने कला शाखा सांगितली. "मग न्हाई बसत," मामा म्हणाले, आणि पाहुण्यांना चहा पाजून स्टँडपर्यंत पोचवूनही आले. मामी चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

राधाला गुण चांगले मिळाले, गणितात सर्वांत जास्त. मात्र जात वैधता प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कागद तपासण्याचा शेवटचा दिवस उजाडला. आम्ही तिघं माझ्या मोटारसायकलवर परभणीच्या केंद्रावर पोचलो, खिडकीशी मामांनी कापडी पिशवी सोडली. प्रत्येक अस्सल कागदावर अंगठ्याएवढा तांबडा ठिपका होता. आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून पाठीवर देतात, तोच. इथे शेकडो पोरांचे कागद एका ठिकाणी येणार, हे मीच त्यांना मागे कधीतरी सांगितलं होतं. "निदान मागच्या बाजूला तरी द्यायचा," मी दात खाऊन म्हणालो. "मागनं दिला तर दिसंल कसा?" मामांनी मलाच विचारलं.

बारावीच्या गुणपत्रिकेवरचा ठिपका नेमका गणिताच्या गुणांवर बसला होता. खिडकीतले साहेब म्हणाले, "गणित सक्तीचं आहे. गुणच दिसत नाहीत, पात्र कसं धरू?" राधाचा चेहरा उतरला. दोन वर्षांचा अभ्यास बापाच्या अंगठ्याखाली गेला होता. मामा मात्र हलले नाहीत. "सक्तीचं हाय ते मला पाठ हाय, साहेब. उपाव सांगा." साहेबांनी सांगितलं, गणिताचे गुण लिहिलेलं कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र आणा, पाचच्या आत. मामांनी काठी आडवी घेऊन खिडकीखाली बैठक मारली आणि मला म्हणाले, "तू जा. तू येईस्तोवर मी ही खिडकी लावू देत न्हाई."

राधाचं कॉलेज गंगाखेडला; तिथं जाऊन, पत्र घेऊन मी मोटारसायकलवर कसा परत आलो ते माझं मला माहीत. पाचला दहा मिनिटं होती. खिडकी उघडी होती आणि मामांभोवती घाबरलेले पालक बसले होते. एका बाईंना ते समजावत होते, "शून्य न्हाई ना? मग रडायलाय कशाला, पात्र हाय तुमचं लेकरू." साहेब चहा पीत म्हणाले, "यांना इथंच ठेवून जा, आमचं अर्धं काम कमी झालं." पत्र पाहून त्यांनी नोंद केली. राधाने पडद्यावरचा शब्द वाचला, "पात्र." मामांनी डोळे मिटले. "पुन्यांदा वाच," म्हणाले. तिने तीनदा वाचला. 

राधा आता नांदेडला तिसऱ्या वर्षाला आहे. ती गुणपत्रिका तिने बदलून घेतली नाही. रविवारी माझ्याकडे कुणी येत नाही, दाराआडचा कोपरा रिकामा असतो, आणि मला करमत नाही. म्हणून परवा मीच आईला घेऊन राणीसावरगावला गेलो. दिवस मावळत होता, मेंढरं परत येत होती. मामा जाळीच्या दाराशी उभे राहून एकेकीच्या पाठीला हात लावत मोजत होते. शेवटची आत गेली.

"बासष्ट," मामा म्हणाले. मग दार ओढून घेता घेता, रोजची सवय असावी तसं, हळूच म्हणाले, "अन् एक नांदेडला."