पोळ्याला पुजलेलं शिंग

आमचं रान भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्याच्या पार टोकाला. नदी ओलांडली की दौंड. काठाचा तुकडा उंचसखल होता, म्हणून यंदा उन्हाळ्यात तो सपाट करायला काढला. वरची माती वीटभट्टीवाला नेणार आणि मला ऊस लावायला रान मिळणार, असं ठरलं. जेसीबी आला त्या दिवशी मी भाचीच्या साखरपुड्याला कासुर्डीला निघून गेलो. म्हटलं, मातीच तर उचलायचीय, तिथं उभं राहून मी काय दिवे लावणार?

त्या काठाला आमचा बैल पुरला होता. जेसीबीवाल्याला ते सांगायचं मी विसरलो. आता तुम्ही म्हणाल, होतं असं, माणूस आहे. अहो, कसलं होतं असं! हा बैल गेला तेव्हा गावादेखत ऊर बडवून रडलेला माणूस मी. शर्यतीत त्यानं घरात ढाली आणल्या होत्या. नवं उपरणं पांघरून, मळवट भरून, वरून मीठ ओतून त्याला मातीआड केला. "माझा पोरगाच गेला" म्हणत महिनाभर फिरलो. आणि कासुर्डीला पंगतीत बसल्यावर शेजारचा पाहुणा म्हणाला, "तुमचा तो बैल काय पळायचा हो!" तेव्हा कुठं मला आठवण झाली. हातातला घास ताटात ठेवून उठलो. बैलाचं नाव इथं लिहिणार होतो, पण हात धजत नाही.

रानात पोचलो तर काठ गेलेला. माती भट्टीवर पडूनसुद्धा झाली होती.

"हाडं-बिडं दिसली का रं?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"दिसली की मामा. कुठल्यातरी जनावराची व्हती. गेली मातीबरूबर."

त्याच्यावर काय ओरडायचं? तोंडात आलेली शिवी माझ्याच वाटणीची होती. मटकन खाली बसलो. आणि बसल्या जागेवरून खड्ड्याच्या तळाला, पिवळ्या कंकराच्या थरात, शिंग दिसलं. हातानं उकरून काढलं आणि पोटाशी धरलं. "राहिला! माझा बैल राहिला!" असं बोंबललो की नदीपलीकडं ऐकू गेलं असेल. खरं तर तसंच भट्टीवर जायला पाहिजे होतं, माती चाळायला पाहिजे होती. मी गेलो नाही. शिंग मिळालं ना, मग कशाला, असं स्वतःला समजावलं आणि घरी आलो.

आता दावणीला बैल नाही, ट्रॅक्टर आहे. त्यामुळं पोळ्याला ते शिंगच पाटावर मांडलं. गोंडे आणले, बेगड आणली, लाल ऑइलपेंटचा डबा फोडला. आमची सूनबाई शेजारच्या गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, त्याला रंग नका लावू."

"का गं?"

"ते आपल्या बैलाचं न्हाई. दगड झालाय त्याचा. लई जुनं हाय ते."

माझं डोकंच फिरलं. ओसरीवर चार पाहुणे बसलेले, त्यांच्यादेखत म्हणालो, "दोन बुकं शिकलीस म्हंजी मला माझा बैल दाखवणार व्हय? जा, पोळ्या लाट जा!" ती गेली. पोळ्या लाटल्या तिनं. मी कुंचला बुडवून शिंग लालभडक केलं आणि पुरणाचा नैवेद्य दाखवला.

तिचं खरं आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं. बैलाची शिंगं दर पोळ्याला मीच तासून साळायचो. त्यांची जाडी माझ्या मुठीत बसलेली होती. हे शिंग मुठीत मावत नव्हतं, आणि उचलताना पाटा उचलल्यासारखं जड लागायचं. हाताला सगळं कळत होतं. पण ते कबूल केलं असतं तर माझा बैल कुठं गेला हेही कबूल करावं लागलं असतं.

सूनबाईनं फोटो काढून पुण्याला, तिला कॉलेजात शिकवलेल्या मॅडमना पाठवला. पुढल्या आठवड्यात त्या घरी आल्या. मी म्हटलं, येऊ द्या, एकदाचा निकाल लागू द्या. त्यांनी शिंग बघितलं आणि आधी रंगाकडंच बघत राहिल्या. मी रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला धावलो.

"राहू द्या आबा, आम्ही काढू सावकाश," त्या म्हणाल्या. एवढं गोड बोलल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ओसरीवर बसून त्यांनी समजावलं. शिंगावरचं कवच कुजून जातं, हा आतला हाडाचा गाभा. हाड गाळात दबलं, त्यात पाण्यातलं खनिज मुरत गेलं आणि त्याचा दगड झाला. हा रानटी बैल. माणसानं नांगर धरायच्या कितीतरी आधी या काठाला कळपानं पाणी प्यायला यायचा. तुमच्या बैलाचा लांबचा भाऊबंद म्हणा, पण आता त्या जातीचा एकही बैल जगात नाही.

"म्हंजी वंश बुडाला?"

"बुडाला. असं एखादं हाड मिळतं, म्हणून तर तो होता हे कळतं. बाकीच्यांचं काहीच राहत नाही."

"आन् आमच्या बैलाचं? मीठ घालून पुरला व्हता. त्याचा झाला असता का दगड?"

"मीठ घातलं होतं ना? मग तो लवकर मातीला मिळावा म्हणूनच पुरला होता तुम्ही," त्या हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, बैल अजून तिथंच कुठंतरी आहे. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही.

शिंग घेऊन जा म्हणालो. तर त्यांना जागाही बघायची होती. आम्ही तिघं रानात गेलो. खड्ड्यात उतरून त्यांनी पिवळ्या थराला हात लावला, टेप धरला, आणि खालूनच मला विचारलं, "आबा, याच्या वरची माती गेलीय. तिच्यात काही होतं का? हाडं, खापरं, काहीही? खालच्याचं वय काढताना वरचं लागतं आम्हाला."

सूनबाई माझ्याकडं बघत होती. बैल पुरताना त्याच्या कपाळाला शेवटचं कुंकू तिनंच लावलं होतं.

"काय न्हाई मॅडम," मी म्हणालो. "नुसती माती व्हती."

सूनबाईनं मान खाली घातली. मॅडमनी तसंच लिहून घेतलं.