अविभाज्य विहीर

मराठीतल्या एखाद्या शब्दाला आजवर कुणी इतकं राबवलं नसेल, जितकं माझ्या मामेसासऱ्यांनी 'अविभाज्य' या शब्दाला राबवलं. आणि त्यातले खरे गुन्हेगार ते नव्हेत, मी आहे. मी लोणखेड्याला कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे दोन माणसं गप्प बसलेली दिसली की मला बोलावंसं वाटतं. एका लग्नात मी आशीर्वाद दिला, "हे दोन जीव अविभाज्य होवोत." पंगतीत मामांनी मला गाठलं. "जवाईबुवा, अविभाज्य म्हंजे काय?" मी धातू सांगितला, उपसर्ग सांगितले, गणितातला अर्थ वेगळा काढून दाखवला. तोवर माझी वरणबट्टी गार झाली. मामा म्हणाले, "म्हंजे वाटता येस नही ते. इतलंच ना?"

इतकंच होतं.

त्या दिवसापासून कळण्याची भाकरी नि ठेचा अविभाज्य, म्हैस नि तिची पारडी अविभाज्य. एक चप्पल तुटली तेव्हा मामा शहाद्याच्या दुकानात जाऊन एकच मागून आले, आणि दुकानदार नाही म्हणाला तेव्हा त्यांना रागाऐवजी आनंदच झाला. मी दर वेळी दुरुस्ती करायचो, "मामा, इथं 'जोडीचं' म्हणावं." ते मान डोलवायचे आणि मामींकडे वळून म्हणायचे, "जवाई आनि चुका काढानी सवय, अविभाज्य शे."

पुढे मामांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं बिनसलं. एकाला ऊस हवा होता, दुसऱ्याला पपई. बोलणं तुटलं, आणि वावराच्या वाटणीचा कागद लिहायला शुद्ध मराठीचा माणूस म्हणून मला बोलावलं. दोघं भाऊ ओसरीच्या दोन टोकांना बसले होते. मी लिहिलं, 'विहीर अविभाज्य राहील', आणि माझ्याच वाक्यावर खूश होऊन मोठ्यानं वाचलं. मामांनी कागदावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "इहीर वाटता येस नही, बरोबर. पन भाऊ वाटता येस का?"

मी शुद्धलेखन तपासायला खाली मान घातली. धाकट्यांनी सही केली आणि उठून गेले.

त्यानंतर विहिरीवरची मोटर दर पंधरवड्याला बंद पडू लागली. मोटर वर काढायला दोन माणसं लागतात. मी मामांना चांगला मेकॅनिक सुचवला, नवी मोटर सुचवली, एकदा तर कंपनीला कडक तक्रारपत्रही लिहून दिलं. ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं.

परवा दुपारी मी अचानक वावरात पोचलो, तर मामा मेन स्विच बंद करून वायर ढिली करत होते.

"मामा, हे काय?"

"मोटरले काही जयं नही. मीच करस," ते हळूच म्हणाले. "भाऊ येस मंग."

भाऊ आलेच. पपईच्या ओळींतून, डोक्याला रुमाल बांधून. ढिल्या वायरीवरून त्यांची नजर गेली, पण ते थांबले नाहीत. सरळ दोराला हात घातला.

"धर," मामा म्हणाले.

"धरेल शे."

एवढंच. दोघं खांद्याला खांदा लावून, धडधाकट मोटर सावकाश वर ओढत राहिले. मदतीला म्हणून मीही बाह्या सरसावल्या होत्या. पण मला कुणी बोलावलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी न सांगता, मी गप्प उभा राहिलो.